रोज पाणी घातलं तरी फुलझाडं उन्हात का जातात?

चिकोडी तालुक्यातल्या एका ताईंचा प्रश्न आहे. घरापुढं वीस बाय दहा फुटांचं अंगण, तोंड पश्चिमेला, सावलीला एक झाड नाही. माती काळी. बोअरचं पाणी मचूळ आणि तेही एक दिवसाआड. जानेवारीत त्यांनी पिटुनिया आणि डायंथसची रोपं आणून लावली. फेब्रुवारीत शेजारीपाजारी बघायला यायचे, आणि शिमगा होईपर्यंत सगळं वाळून गेलं. त्या विचारतात, "पाणी साठवून ठेवून रोज संध्याकाळी न चुकता थोडं थोडं घालत होते, तरी असं का झालं? आणि आमच्या उन्हात टिकतील अशी हंगामी फुलं कोणती?"

ताई, पिटुनिया-डायंथसचं वाईट वाटून घेऊ नका. ती थंडीची पाहुणी. आपल्याकडं मार्चच्या मध्याला ऊन तापलं की ती कुणाच्याही अंगणात जातात, माझ्या रोपवाटिकेतसुद्धा. विकणाऱ्यानं हे सांगायला पाहिजे होतं. पण उन्हाळ्याची म्हणून ओळखली जाणारी फुलं लावली असती तरी तुमची निम्मी गेली असती. त्याचं कारण तुमच्याच वाक्यात आहे: "रोज संध्याकाळी, थोडं थोडं."

उद्या सकाळी एक करा. संध्याकाळी नेहमीसारखं पाणी घाला आणि सकाळी खुरप्यानं वीतभर खोल चीर काढून बघा. वरची दोन बोटं माती ओली दिसेल, खाली कोरडी ठणठणीत. मुळं ओलीच्या मागं जातात. ओल वरच्या दोन बोटांतच असेल तर मुळंही तिथंच पसरतात, आणि एप्रिलमध्ये पश्चिमेचं ऊन सगळ्यात जास्त तापवतं तो थर नेमका हाच. एक दिवस पाणी चुकलं की झाड मान टाकतं. वर तुमचं पाणी मचूळ. थोडं पाणी वरच्या वर उडून जातं, त्यातला क्षार मातीतच राहतो. मातीवर पांढरी पापडी धरलेली दिसत असेल बघा, पिठूळ, बोटाला लागणारी. म्हणजे रोज मायेनं थोडं थोडं मीठच घातल्यासारखं झालं.

हे मला कुठल्या पुस्तकानं शिकवलं नाही. माझी रोपवाटिका बेळगावजवळ, तांबड्या मातीची. पाणी घातलं की सरसर खाली उतरतं, झाड कुजायची भीती कमी. सासुरवाडी मात्र अथणी तालुक्यात. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी मोठ्या हौसेनं तिथल्या अंगणात चाळीसेक सदाफुली लावल्या आणि मेहुण्याला बजावून आलो, रोज पाणी घाल म्हणून. महिन्यानं गेलो तर तीस-बत्तीस रोपं बुडातून काळी पडून आडवी. अंगणाच्या कुंपणापलीकडं करडई उभी होती, केशरी-पिवळी फुललेली. पेरल्यापासून तिला कुणी थेंबभर पाणी दिलं नव्हतं. सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, करडईला कोण पाणी घालतंय?" त्या हसल्या आणि विषय संपला, पण माझ्या डोक्यात तो तसाच राहिला. करडई परतीच्या पावसाच्या ओलीवर पेरतात, तिचं सोटमूळ खाली खाली जाणाऱ्या ओलीचा पाठलाग करतं आणि काळी माती साठवलेलं पाणी तिला पुरवून पुरवून देते. वरून पाणी देत बसलं तर करडईचीसुद्धा मूळकूज होते. माझ्या सदाफुलीचं तेच झालं होतं.

तेव्हा कमी पाण्यावर जगणारं झाड रोपवाटिकेतून आयतं मिळत नाही. ते पहिल्या महिन्यात घडवावं लागतं. लागणीनंतर पहिले आठ-दहा दिवस रोज पाणी, मग दिवसाआड, मग चार दिवसांनी, मग सहा-सात दिवसांनी. प्रत्येक वेळी पाणी मात्र पोटभर. किती पोटभर? एक चौरस मीटर जागेवर पंचवीस लिटर म्हणजे २५ मिलिमीटर पाऊस पडल्यासारखं. तांबड्या मातीत ते वीतभर तरी उतरतं, तुमच्या काळ्या मातीत चार-पाच बोटं कमी. म्हणून काळ्या मातीत निम्मं घालायचं, अर्धा तास थांबायचं आणि उरलेलं मग घालायचं. एकदम ओतलं तर भेगांतून खाली निघून जातं आणि मुळांजवळची माती कोरडीच राहते.

आता हिशोब करू. तुमचं सगळं अंगण साडेअठरा चौरस मीटर. त्याला एका वेळेला साडेचारशे लिटर लागेल, ते तुम्हाला परवडणार नाही. सगळ्या अंगणात फुलं लावू नका. भिंतीपासून दोन फूट सोडून वीस फूट लांब, तीन फूट रुंद असा एकच ताटवा करा. साडेपाच चौरस मीटर भरेल, म्हणजे पंधरा लिटरच्या नऊ बादल्या, आठवड्यातून एकदा. तुम्ही आज रोज संध्याकाळी घालता त्याची आठवड्याची बेरीज करून बघा, बहुतेक याहून जास्तच निघेल. भिंतीपासून दोन फूट सोडायचं कारण म्हणजे पश्चिमेची भिंत दुपारभर तापते आणि रात्री आठपर्यंत ती धग बाहेर टाकत राहते. पायरीवर अनवाणी उभं राहून बघा, कळेल.

ताटवा जमिनीपेक्षा सहा-सात इंच उंच घ्या, गादीवाफ्यासारखा. काळ्या मातीत जून-जुलैत पाणी तुंबतं. उन्हाळ्यात तगलेली झाडं पावसाळ्याच्या पहिल्या पंधरवड्यात गेलेली मी खूप पाहिली आहेत. उकरलेल्या मातीत एक तृतीयांश कुजलेलं शेणखत आणि जमल्यास तेवढाच मुरूम मिसळा. खत एवढंच. युरिया हाताला सुद्धा लावू नका. युरियावर झाड हिरवंगार, लुसलुशीत वाढतं, पानं मोठी होतात, आणि पानं मोठी झाली की पाणीही जास्त उडतं. या फुलांना जरा उपाशी ठेवलेलं मानवतं.

वरून उसाचं पाचट. चिकोडी भागात याची कमतरता नाही, फडातून पेटवून देण्यापेक्षा दोन भारे मागून आणा. हातभर तुकडे करून तीन बोटं जाडीचा थर द्या, खोडापासून दोन बोटं लांब. कोरड्या पाचटाला वाळवी लागते, ती आठवड्याला एकदा उचलून बघायची. पाऊस सुरू झाला की पाचट काढून टाका, नाहीतर खाली गोगलगायी घर करतील.

आता कोणती फुलं, याकडं येतो. इथं आधी एक सांगतो. आपल्या जिल्ह्यात "बेळगावला काय चालतं" असं विचारून उपयोग नाही. घाटमाथ्यावरच्या कणकुंबीला एका जुलैत पडतो तेवढा पाऊस अथणीला वर्षभरात पडत नाही. खानापूर-बेळगावला एप्रिल-मेमध्ये वळीव हमखास दोन-चार हात देऊन जातो, रात्रीही थंड होतात. रायबाग-अथणीकडं तो भरवसा नाही. मी पुढं लिहितो ते तुमच्या चिकोडीपासून पूर्वेला जास्त लागू पडेल.

तुमच्यासाठी माझी पहिली निवड चिनी गुलाब. कुणी ऑफिसटाइम म्हणतं, कुणी टेबलरोज. पान जाडसर, सुईसारखं, आत पाणी साठवणारं. आपण घोळीची भाजी खातो तिचंच हे भावंड, त्यामुळं मचूळ पाण्याचं त्याला फारसं वावडं नाही. ऊस, मका, ज्वारी ज्या काटकसरीनं उन्हात अन्न तयार करतात ती रीत यालाही येते. शिवाय पाणी फारच कमी पडलं तर दिवसा पानांची छिद्रं मिटून रात्री श्वास घ्यायची, निवडुंगासारखी दुसरी युक्तीही या कुळात आहे. दोन्ही जमणारी झाडं मोजकीच. खोट एकच: फूल सकाळी ऊन आलं की उमलतं आणि दुपारी मिटतं. ढगाळ दिवशी तर उमलतच नाही. तुम्ही संध्याकाळी कामावरून येऊन अंगणात बसणार असाल तर हा शेजारी तुम्हाला झोपलेलाच दिसेल.

याचं बी म्हणजे धूळ. चिमूटभर बारीक कोरड्या वाळूत मिसळून ताटव्यावर भुरभुरायचं आणि तळहातानं हलकं दाबायचं. वर माती लोटायची नाही, या बियाला उगवायला उजेड लागतो. पण खरं सांगू का, बी कशाला घेता? कुणाच्या तरी कुंडीतून बोटभर लांबीच्या दहा-बारा काड्या मागून आणा, एक दिवस सावलीत सुकू द्या आणि खोचा. आठ-दहा दिवसांत धरतात. हे तुम्ही आत्ता, शिमगा उलटून गेल्यावरही करू शकता.

दुसरा गलाटा. बाजारात हाराला जातो तो, लाल-पिवळा, काठाला दातेरी. त्याच्या पानांना हात लावून बघा, खरखरीत लव लागेल. ती लव ऊन परतवते. मूळचा अमेरिकेचा, तिकडं समुद्राकाठच्या वाळूतही उगवतो, म्हणजे खारं पाणी आणि वारा दोन्ही त्याच्या सवयीचे. दिसायला जरा गावंढळ, पसरतोही वेडावाकडा, पण माझ्या मते कोरडवाहू अंगणात याच्याइतकं प्रामाणिक फूल नाही. मे महिन्यात दुपारी अडीच वाजता मान ताठ ठेवलेली मी याचीच पाहिली आहे. वाळलेली बोंडं खुडत राहा, सात-आठ महिने फूल देईल. न खुडता ठेवलीत तर बी धरून लवकर म्हातारा होतो.

तिसरी मखमल, ती जांभळ्या गोंड्यांची. आपल्याकडं कन्नड बोलणाऱ्या शेजारणी हिला रुद्राक्षी म्हणतात. ही पण ज्वारीच्या रीतीची, काटकसरी. फूल तोडून उलटं टांगून वाळवलं तर वर्षभर रंग राहतो. बी लोकरीत गुंडाळल्यासारखं असतं, रात्रभर पाण्यात भिजवून पेरा, उगवायला दहा-बारा दिवस घेतं. लोक पाचव्या दिवशी "बी खराब निघालं" म्हणून वाफा मोडतात. थांबा.

झिनियाबद्दल मात्र सावकाश बोलतो, कारण सगळ्यात जास्त चुका हिच्याशी होतात. मेक्सिकोचं झाड आहे, ऊन हिला हवंच. बी चार-सहा दिवसांत उगवतं, दोन महिन्यांत फूल. पण हिला जागा बदललेली आवडत नाही. पिशवीतून काढून लावलेल्या झिनियाचं मूळ तिथंच गोल फिरत राहतं. मी एकदा मेलेलं रोप उपटलं तर दोन महिन्यांनंतरही मुळांचा आकार पिशवीचा होता, तसाच्या तसा. म्हणून बी थेट ताटव्यात, वीतभर अंतरावर, अर्ध्या पेराइतकं खोल. चार जोड पानं आली की शेंडा खुडा. जीव कासावीस होतो, पण खुडा. एका दांडीच्या चार होतात. पाणी पानांवर कधीच घालू नका, बुडात घाला. पान ओलं राहिलं की काळे-तपकिरी ठिपके पडतात, पावसाळ्यात जास्तच. थंडीत पानांवर भुरी, म्हणजे पांढरी बुरशी, येते. दोन्ही हिच्या पाचवीला पुजलेलं. बारीक पानांची, छोट्या फुलांची झिनिया मिळाली तर तीच घ्या, भुरी कमी येते. मोठ्या फुलांची दिसायला देखणी असते, पण अंगणाच्या मालकिणीला कामाला लावते.

एप्रिलमध्ये दुपारी झिनियानं मान टाकली म्हणून बादली घेऊन धावू नका. पानांतून पाणी उडतं तेवढ्या वेगानं मुळं ते देऊ शकत नाहीत एवढाच त्याचा अर्थ. सकाळी सहाला बघा. मान वर असेल तर झाड ठीक आहे. सकाळीही खाली असेल तर मात्र पाणी द्या. सदाफुलीचंही तसंच, दुपारी ती पानं वरच्या बाजूला वळवून मिटून घेते आणि दिवेलागणीला पुन्हा उघडते. सदाफुली तशी बहुवर्षी आहे, पण काळ्या मातीत मी ती वर्षाची समजूनच लावतो. पहिला सगळा धडा मला तिनंच दिला, तो वर सांगितला. लहान मूल किंवा शेळी-करडू असेल तर तिचा पाला तोंडात जाऊ देऊ नका, विषारी आहे. कर्करोगावरची औषधं तिच्यातून काढतात ती उगाच नव्हे.

कोंबडा चालेल. माळावरची कुरडू त्याचीच रानातली बहीण, काटकपणा घरातलाच आहे. पिवळा-केशरी कॉसमॉस तर दगडावरही येईल, पण तो रस्त्याकडेच्या माळांवर इतका पसरायला लागलाय की मी स्वतः विकायचं बंद केलं. तुमच्या घराला लागून माळ किंवा गायरान असेल तर नको. गुलबक्षी लावा एका कोपऱ्यात, ती संध्याकाळी उमलते, म्हणजे चिनी गुलाब झोपला की तिची पाळी.

तेरडा मात्र या यादीत नाही, कुणी कितीही सांगू दे. तो पावसाचा जीव. गौरीला हवा म्हणून रोहिणी-मृगात दोन बिया टाका, उन्हाळ्यात नाही.

झेंडूचं विचाराल, सगळे विचारतात. झेंडू उन्हात जगतो, पण एप्रिल-मेमध्ये फूल बारीक येतं आणि लाल कोळी ही बारीक कीड धरते. पानं फिकट, ठिपक्या-ठिपक्यांची, खाली बारीक जाळी. तेव्हा पानांची खालची बाजू सकाळी पाण्याच्या जोरानं धुवायची, आठवड्यातून दोनदा. पानं सकाळीच वाळून जातात, आणि झेंडूला झिनियाइतका ठिपक्यांचा त्रासही नाही, म्हणून हे चालतं. निपाणीकडचे जुने लोक तंबाखूचं पाणी मारायला सांगतील. मारू नका. कोळी मरतो की नाही देव जाणे, पण मधमाश्या नक्की मरतात, आणि उघड्या हातानं मिसळलं तर चक्कर येते. ती मी घेतलेली आहे. झेंडू उन्हाळ्यासाठी नको, दसऱ्यासाठी ठेवा. दसऱ्याच्या आधी नव्वद दिवस बी टाकायचं, पंचवीस दिवसांचं रोप लावायचं, पंधरा दिवसांनी शेंडा खुडायचा. पुसा नारंगी किंवा पुसा बसंती घेतलंत तर पुढच्या वर्षी घरचं बी धरता येईल. पाकिटातल्या संकरित झेंडूचं बी ठेवू नका, पुढच्या पिढीत चार झाडांची चार तऱ्हा निघते. एका वर्षी मी एका दुकानातून गावरान म्हणून घेतलेलं बी संकरिताचं निघालं आणि गणपतीत गिऱ्हाइकांची बोलणी खाल्ली. तेव्हापासून ओळखीच्या शेतातलं बोंड स्वतः बघूनच घेतो.

आता तुमचा क्रम. या उन्हाळ्यात जमिनीत बी टाकायची वेळ गेली आहे. मार्चच्या शेवटी पेरलेलं रोप मूळ खाली न्यायच्या आधीच एप्रिलमध्ये सापडतं. तेव्हा आत्ता फक्त चिनी गुलाबाच्या काड्या खोचा, ताटवा खणून तापू द्या, पाणी आणि माती एकदा तपासून घ्या. तुमच्याच जिल्ह्यात गोकाकजवळ अरभावीला उद्यानविद्या महाविद्यालय आहे, तपासणी कुठं होते ते तिथं विचारता येईल. जमीन सुधारायला जिप्सम टाका असं कुणी वर्तमानपत्र वाचून सांगेल, तपासणीत सोडियम जास्त निघाल्याशिवाय टाकू नका. पहिला दमदार वळीव ताटव्यावर उघडाच पडू द्या, तो वरचा क्षार धुऊन खाली नेतो. त्यानंतर वाफसा आला की गलाटा आणि मखमल पेरा. वाफसा म्हणजे मूठभर माती दाबली तर लाडू होतो आणि टिचकी मारली की फुटतो, तेव्हा. लाडू फुटलाच नाही तर दोन दिवस थांबा, ओल्या काळ्या मातीत पाय घातला की ती विटेसारखी बसते.

खरा उन्हाळी ताटवा पुढच्या वर्षीचा. संक्रांत झाली की जमीन तयार करायची, फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात, रात्रीचा गारठा मोडला की झिनिया आणि गलाट्याचं बी टाकायचं, आणि महाशिवरात्र होईपर्यंत प्रत्येक रोप जमिनीत उभं पाहिजे. म्हणजे ऊन चढायच्या आत त्याला पाच-सहा आठवडे मिळतात, आणि तेवढ्यात तुम्ही पाण्याचे दिवस लांबवत न्यायचे.

कुंड्यांचं तुम्ही विचारलं नाही, पण गच्चीवर चार ठेवाल म्हणून सांगतो: काळ्या प्लास्टिकच्या पिशव्या उन्हात ठेवू नका, आतली माती हाताला चटका बसेल इतकी तापते. बारा इंची मातीची किंवा सिमेंटची कुंडी, बाहेरून चुना मारलेली, आणि कुंडीला आठवड्याचं पाणी पुरत नाही, तिथं दिवसाआडच द्यावं लागेल.

बी धरायचं असेल तर मे महिन्यात गलाट्याचं पहिलं भरदार बोंड सोडून द्या, पूर्ण वाळू द्या, कागदात बांधून डब्यात राखेवर ठेवा आणि कागदावर तारीख लिहा. तारीख न लिहिलेल्या पुड्या माझ्याकडं दोन डबे भरून आहेत, त्यात काय आहे ते आता पेरूनच कळेल.